लॅब्रॅडॉरच्या भूमिकेत भालेराव साहेब

आमच्या सोसायटीत कुणाला कुत्रा घ्यायचा असला, तर त्याला आधी भालेराव साहेबांना घरी न्यावं लागायचं. सल्ला विचारायला नव्हे. कुत्रा म्हणून.

हे ऐकून नवीन माणूस हसतो. आम्हीही हसलो होतो. सिंहगड रोडवरून धायरीत राहायला आलो तेव्हा शेजाऱ्यांनी पाणी कधी येतं, कचरा कधी जातो हे जितक्या सहजपणे सांगितलं, तितक्याच सहजपणे हेही सांगितलं की कुत्रा आणायचा झाला तर बी विंगमधल्या भालेरावांना विचारा, ते एक दिवस राहून बघतात. मला वाटलं, कुत्र्याजवळ राहून बघत असतील.

साहेब आयुष्यभर खडकीला दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात होते. तिथे नेमकं काय तपासत होता असं विचारलं की म्हणत, "फुटायचं ते वेळेवर फुटतंय ना आणि नको तेव्हा फुटत नाही ना, एवढंच." आणि मग चष्मा पुसत पुढे म्हणत, "घरात लहान मूल असलं की कुत्र्याचंही तेच बघायचं. फरक एवढाच की कुत्रा बहुतेक वेळा चांगला निघतो. घर खराब निघतं." म्हणून ते कुत्रा तपासत नसत. घर तपासत. आणि घर तपासायचं तर आत कुत्रा हवा, आणि कुत्रा अजून आलेला नसतो, तेव्हा ते स्वतःच कुत्रा होत. यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

उंच, सडपातळ गृहस्थ. इस्त्रीचा पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन, पॅन्टला अशी घडी की काकडी चिरावी. तपासणीला निघाले की याच पोशाखावर दोन्ही गुडघ्यांना नातवाचे जुने स्केटिंगचे पॅड बांधत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपुरात, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं.

भुंकणं, चावणं, लोळणं यांतलं ते काहीही करत नसत. फक्त सांगत. शुद्ध मराठीत, शांतपणे, बातम्या वाचल्यासारखे. "मी आता भुंकतो आहे. खालचे कुलकर्णी फोन करतील. फोन कोण घेणार?" किंवा, "मी आता ओल्या अंगाने सोफ्यावर बसलेलो आहे. पुढे बोला." घरातली माणसं एकमेकांकडे बघत आणि तिथेच निम्मा निकाल लागलेला असे.

सकाळी घरच्यांनी त्यांना फिरवायला न्यायचं हा नियम. ते हातात मफलरचं एक टोक धरत, दुसरं घरच्या माणसाच्या हातात देत आणि प्रत्येक विजेच्या खांबापाशी थांबून पेपरमधली एक बातमी पूर्ण वाचत. "कुत्रा घाईत नसतो. तुम्ही आहात का?" कोपऱ्यावरचा चहावाला त्यांना चांगला ओळखायचा. तो लांबूनच विचारायचा, "साहेब, आज कोण?" साहेब म्हणायचे, "बीगल." "मग आज क्रीमरोल नाही. बीगलचं वजन वाढतं." आणि खरंच द्यायचा नाही.

जातींबद्दल त्यांना सगळं ठाऊक होतं, पण ते सांगण्याची त्यांची पद्धत सोयीची नव्हती. ए विंगमध्ये आयटीतलं एक जोडपं होतं, पदरात वर्षाचं बाळ. त्यांना निळ्या डोळ्यांचा, बर्फातला हस्की हवा होता. साहेब एप्रिलमधल्या एका दुपारी त्यांच्याकडे गेले ते काखेत रजई मारून. रजई नवऱ्याला गुंडाळली, कानटोपी घातली आणि त्याला गॅलरीत बसवलं. थोड्या वेळाने तो रजईच्या आतून म्हणाला, "सर, आय गेट द पॉइंट. आम्ही एसी चोवीस तास ऑन ठेवू." साहेब म्हणाले, "छान. लाइट गेली आहे. बसा." त्या घरात आता मासे आहेत. मुलगी मोठी झाली आहे आणि माशांवर खूश आहे असं कळतं.

आप्पा रायकरांचा किस्सा तर धायरीत अजून सांगतात. आप्पा इथले मूळचे, शेती होती तिथे आता त्यांच्याच तीन बिल्डिंगा आहेत. त्यांना बंगल्याला शोभेल असा रॉटवायलर हवा होता. घरात नातवंडांचा गोंधळ. साहेब रॉटवायलर म्हणून गेले तेव्हा आप्पांच्या आईने, वय ऐंशीच्या पुढे, त्यांना उंबऱ्यातच थांबवलं. म्हणाली, "कुत्रं हाय न्हवं? मग भायेर बस." साहेबांना हा मुद्दा बिनतोड वाटला. ते पायरीवर बसले. म्हातारीने दूध-भाकरी कुस्करून आणून दिली, ती त्यांनी तिथेच बसून खाल्ली, कारण चाचणी म्हणजे चाचणी. पायरीवर आधीपासूनच गावातली तीन कुत्री पसरलेली होती. नातवंडं त्यांच्या अंगावरून उड्या मारत होती, एक पोरगं तर एकाच्या पोटावर डोकं टेकून मोबाइल बघत होतं. संध्याकाळी साहेबांनी निकाल दिला. "आप्पा, तुमच्याकडे कुत्रा निवडायचं काम शिल्लक नाही. ते या तिघांनी परस्पर उरकलंय." आप्पा म्हणाले, "पन साहेब, ह्यांचा रुबाब काय पडत न्हाय." साहेब म्हणाले, "रुबाबाला गाडी घ्या. ती मुलांना चावत नाही."

तर असे हे भालेराव साहेब एका शुक्रवारी संध्याकाळी, गुडघ्यांना पॅड बांधून, आमच्या दारात उभे राहिले.

आमच्या घरात कुत्र्यावरून महिनाभर युद्ध चाललं होतं. माझी मार्केट यार्डात कांदा-बटाट्याची आडत आहे, मला वाटायचं, सगळे घेतात तो लॅब्रॅडॉर घ्यावा, चालणारा माल आहे. मुलगा ओम दुसरीत, त्याला पोलिसांकडे असतो तसला अल्सेशियन हवा होता, चोर पकडायला. माझी बायको मेधा, तिला पडद्यांना जाईल असा पांढरा, छोटा, न गळणारा. आणि मुक्ता, पाच वर्षांची, तिला नुसता कुत्रा हवा होता. कुठलाही. ती रात्री देवाला हात जोडताना कुत्र्यासाठीही मागायची आणि त्याला अजून नाव नसल्यामुळे नुसतं "त्याला सुखी ठेव" म्हणायची. शेवटी मेधाने जाहीर केलं की भालेराव साहेब हो म्हणाले तर आणायचा, नाही म्हणाले तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. साहेब नाही म्हणतील अशी तिला खात्री होती. मुक्ताला ते हो म्हणतील अशी होती. त्या शुक्रवारी ती दारात नवा फ्रॉक घालून उभी होती.

साहेबांनी आत येताच मोबाइल काढून फ्रिजवर ठेवला. "कुत्र्याकडे फोन नसतो." मग खाली बसले आणि गुडघ्यांवर, हातात बॅटरी घेऊन, सगळ्या घरातून फिरले. कुत्र्याच्या नजरेच्या उंचीवरून आमचं घर त्यांना जसं दिसलं तसं त्यांनी मोठ्याने सांगितलं. सोफ्याखाली चार खोडरबर, एक बटण आणि दिवाळीतला बेसनाचा लाडू. "लाडूत बेदाणा आहे. कुत्र्याला विष." मेधा म्हणाली, तो आमच्याकडचा नाही. साहेब म्हणाले, "मग तो स्वतःहून आला असेल."

शनिवारी बाजाराला सुट्टी, म्हणून मी घरी होतो. पहाटे साडेपाचला बेल वाजली. फोन फ्रिजवरच ठेवून रात्री आपल्या घरी झोपायला गेलेला लॅब्रॅडॉर खाली जायला आला होता. मी, जो रोज अंधारात उठून बाजारात जातो, त्याने त्या दिवशी डोक्यावर उशी घेतली. मेधाने ओमला ढकललं, ओम भिंतीकडे वळला. दार उघडलं ते मुक्ताने, खुर्चीवर चढून. पुढे मी गॅलरीतून पाहिलं, ती खांबापाशी मफलर धरून उभी होती आणि साहेब तिला अग्रलेख वाचून दाखवत होते. ती पूर्ण ऐकून घेत होती.

दिवसभर चाचण्या झाल्या. साहेबांनी पॅन्टच्या पट्ट्याला मागून एक दोरी अडकवली होती, ती शेपूट. ओमने ती दोनदा ओढली. साहेब म्हणाले, "मी आता वळून बघितलेलं आहे." तिसऱ्यांदा ओढली तेव्हा म्हणाले, "मी आता दात दाखवतो आहे. तुमच्या वडिलांचं लक्ष मोबाइलमध्ये आहे." मी मोबाइल ठेवला. मुक्ता तेवढ्या वेळात एका वाडग्यात पाणी घेऊन आली, त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत हात मागे बांधून लांब उभी राहिली. खाता-पिताना जवळ जायचं नाही हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

दुपारी माझ्या मावसभावाचा साखरपुडा होता, बिबवेवाडीत. मेधाची साडी, ओमचा हरवलेला बूट, मुक्ताची वेणी, आहेराचं पाकीट, अशी नेहमीची धांदल. गॅलरीतून कबुतरं आत येतात म्हणून मेधाने सरकतं दार ओढून आतून कडी लावली आणि आम्ही निघालो. रस्त्यात तासभर गाडी जागची हलली नाही.

कार्यालयात पंगत बसली. जिलबी आली. मुक्ताने एक पुरी घडी करून फ्रॉकच्या खिशात घातली. मेधाने विचारलं, "हे काय गं?"

ती म्हणाली, "लॅब्रॅडॉरला."

मेधाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघंही एकाच वेळी कबुतरांचं दार आठवत होतो. एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याला, वय बहात्तर, आम्ही भर उन्हात गॅलरीत कोंडून जिलबी खायला आलो होतो. मी पंगतीतून उठलो तो चपला न घालता.

घरी पोचलो तेव्हा साहेब गॅलरीतल्या उलट्या बादलीवर बसले होते. दोरीवरचे आमचे सगळे कपडे त्यांनी घडी करून ठेवले होते, माझ्या बनियनसकट. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी कडी काढली आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो. त्यांनी हात वर केला. म्हणाले, कडी लागताना त्यांनी पाहिलं होतं. मेधाला रडू फुटलं. ती म्हणाली, "अहो मग हाक नाही का मारायची?"

"कुत्रा हाक कशी मारणार?" ते म्हणाले. "दोनदा भुंकलो. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी हात हलवला. मीही हलवला."

मग त्यांनी मागितलं तेवढं पाणी दिलं, पंखा लावला, आणि त्यांनी निकाल दिला. आवाजात राग नव्हता, त्याचाच जास्त त्रास झाला. घर नापास. लॅब्रॅडॉरला नापास, अल्सेशियनला नापास, पडद्यांना जाणाऱ्या पांढऱ्यालाही नापास. जातीचा प्रश्नच येत नाही. ज्या घरात पाहुणा म्हणून आलेला माणूस विसरतात, तिथे कुठलाही कुत्रा सुरक्षित नाही, आणि जो कुत्रा सुरक्षित नाही त्याच्यापासून मुलंही नाहीत.

ओम रडायला लागला. मुक्ता रडली नाही. तिने खिशातली पुरी काढून त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, "मी पण नापास?"

साहेब म्हणाले, "नाही. तू पास आहेस."

"मग?"

"मग मोठी हो."

यावर ती जे काही करेल ते सहन करायची आम्ही तयारी केली होती. पण तिने फक्त त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कुत्रा का नाही? तुम्ही पण नापास आहात?"

हा प्रश्न एवढ्या वर्षांत सोसायटीत कुणाला सुचला नव्हता. मलाही नाही. साहेबांनी हातातल्या पुरीची घडी नीट केली. मग लहान मुलीशी बोलतात तसं नव्हे, तर वरच्या साहेबाला कळवावं तसं म्हणाले, "हो. मी नापास आहे. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो. माझी तेवढी हमी मला देता येत नाही. खडकीच्या क्वार्टर्समध्ये एक कुत्रा कुलपाकडे बघत बसायचा, मालक गेल्यावर. कामावर जाताना रोज दिसायचा. तसा मला मागे ठेवायचा नाही."

मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मी उगाच पंखा वाढवला. दुसऱ्याच्या घरात कुत्रा होऊन फिरणारा हा माणूस आम्हाला इतके दिवस विक्षिप्त वाटत होता. त्याला कुत्रा हवा होता, एवढंच.

मुक्ता म्हणाली, "मग तुम्ही गेलात की तो आमच्याकडे येईल." जणू काही दूध नासलं तर पनीर करू.

साहेबांनी पुरी खिशात ठेवली. पॅड सोडले, फ्रिजवरचा फोन घेतला आणि गेले. दोन आठवडे ते कुठल्याच घरात कुत्रा झाले नाहीत. चहावाल्याने मला विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना. मग एका शनिवारी बेल वाजली. दारात साहेब, पॅड नाहीत, आणि त्यांच्याशेजारी एक म्हातारा, भुरा, बुटका कुत्रा, कुठल्याशा प्राणी-आश्रमातून आणलेला. एक कान उभा, दुसरा दमलेला. तोंडाभोवतीचे केस पांढरे. तो आत आला, आमच्या चटईवर बसला आणि उसासा टाकला.

"दोन नापास मिळून एक पास होतो का, ते बघतोय," साहेब म्हणाले. कुत्रा त्यांच्याकडे राहणार, संध्याकाळ आमची आणि शनिवार पूर्ण आमचा. म्हातारा मुद्दाम आणलाय. त्याची मुदत आणि त्यांची मुदत साधारण जुळते. जुळली नाही तर पुढचं मुक्ताने सांगितलंच आहे, पण त्यासाठी या घराला अजून सुधारावं लागेल.

मेधाने घाबरत विचारलं, "पण ही जात कुठली?"

"बसकी," साहेब म्हणाले. "लहान मुलांच्या घराला हीच चांगली."

मुक्ताने त्याचं नाव बटाटा ठेवलं. माझ्या धंद्याचा तेवढाच एक सन्मान. आणि आम्ही सुधारलो, म्हणजे सुधारावंच लागलं. ओम बोट न लावता कुत्र्याशेजारी बसायला शिकला, मी संध्याकाळी त्याला घेऊन खांबाखांबाला थांबू लागलो आणि मेधा बाहेर पडताना दार लावायच्या आधी मोठ्याने हजेरी घेऊ लागली. तिच्या हजेरीत पहिलं नाव बटाट्याचं असे, माझं शेवटचं. भालेराव साहेब अधूनमधून न सांगता टपकत आणि सोफ्याखाली बॅटरी मारत. बटाटा त्यांच्यामागून तेच बघे.

असं तीन वर्षं चाललं. मग साहेबांचे गुडघे गेले. इतकी वर्षं लोकांच्या फरशांवर रांगल्यावर ते जाणारच. मुलगा नागपूरहून न्यायला आला. नातवाला दमा, घरात कुत्रा ठेवता येणार नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. मुलगा हे सांगताना ओशाळला होता. साहेबांनी त्यालाच धीर दिला. माणूस जाण्याआधी बदली झाली तर काय करायचं हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं, एवढंच म्हणाले.

निघायची वेळ त्यांनी स्वतः ठरवली. बटाट्याच्या जेवणाची. तो जेवला नाही तर ते जाणार नाहीत, असं त्यांनी मुलाला, ड्रायव्हरला आणि आम्हाला सांगितलं होतं. तो नाही जेवला तर ते कुठे राहणार होते कोण जाणे. घर विकलं होतं.

मुक्ताने गेटपाशी ताटली ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिली. साहेब मागच्या सीटवर, काच पूर्ण खाली. गाडी सुरू झाली. बटाट्याने मान वर करून एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मुक्ताकडे पाहिलं, आणि मान खाली घालून खायला लागला. चपचप आवाज येईपर्यंत मन लावून.

गाडी हळूहळू निघाली. आम्ही सगळे हात हलवत होतो, मेधा पदराने डोळे पुसत होती. साहेब निम्मे बाहेर वाकलेले, चष्मा हातात, गाल ओले आणि चेहऱ्यावर असा आनंद की त्या माणसाच्या चेहऱ्यावर तो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेही पाहिलं नाही. कुत्रा मान वर करतो का, ते बघत होते. वळणापर्यंत त्याने केली नाही.